हात लावला की रीडिंग हलतं: जुन्या टेस्ट उपकरणांवरच्या कोॲक्स कनेक्टरचा दोष नेमका कुठे शोधायचा

जुना सिग्नल जनरेटर, सॅम्पलिंग स्कोप, स्पेक्ट्रम ॲनालायझर, पॉवर मीटर, यातलं काहीही वापरत असाल तर हा त्रास ठरलेला आहे. सगळं जोडून होतं, रीडिंग स्थिर होतं, आणि केबलला नुसता धक्का लागला की लेव्हल एक-दोन डीबीने (डेसिबलने) उडी मारते, कनेक्टर दाबून धरला की परत जागेवर येते, मधे काही दिवस एकदम शहाण्यासारखं चालतं आणि मग परत तेच. मग कोणीतरी सांगतं पिन घासा, कोणीतरी सांगतं क्लीनरचा स्प्रे मारा, आणि स्प्रे मारल्यावर खरंच थोडा वेळ बरं वाटतं, कारण स्प्रे मारायला कनेक्टर काढून परत लावलेला असतो ना, त्या काढण्या-लावण्यानेच ते जागेवर बसतं आणि श्रेय मात्र स्प्रेला जातं.

माझं मत सरळ आहे. यातल्या बऱ्याच केसेसमधे मधली पिन निर्दोष असते. दोष असतो बाहेरच्या कंडक्टरमधे, म्हणजे पिनभोवतीच्या धातूच्या आवरणात, ग्राउंडच्या बाजूला, नाहीतर पॅनलच्या मागे, जिथे कनेक्टरला आतली वायर जोडलेली असते. पण पिन समोर दिसते म्हणून सगळे तिच्याच मागे लागतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून काहीही पुसायच्या किंवा वाकवायच्या आधी दोष कुठे आहे ते ठरवा, त्याला फार काही लागत नाही.

सगळ्यात आधी बघायचं की रीडिंग वर उडी मारतंय का खाली. खाली पडलं तर सिग्नलच्या वाटेत कुठेतरी संपर्क सुटतोय. वर गेलं तर गोष्ट वेगळी. समजा टी (तीन तोंडांचा जोड) लावून स्कोप हाय इम्पिडन्सवर (सिग्नलवर भार न टाकता) बघतोय आणि लाइनच्या टोकाला ५० ओहमचं टर्मिनेशन (सिग्नल शोषून घेणारा रेझिस्टर) आहे, आणि त्या टर्मिनेशनचाच संपर्क सुटला, तर स्कोपवर व्होल्टेज दुप्पट दिसतं, म्हणजे ६ डीबी वर. अशा वेळी जनरेटरचा कनेक्टर खोलून बसलात तर दिवसभर काही सापडणार नाही, दोष टोकाच्या त्या छोट्या डबीत आहे.

दुसरं म्हणजे हाच हलवाहलवीचा प्रयोग दोन फ्रिक्वेन्सींना करा, एक खालची, एक वरची. मधल्या पिनचा संपर्क सुटतो तेव्हा तिथे एक बारीकशी फट तयार होते आणि ती फट म्हणजे कपॅसिटर. १ पिकोफॅरड धरा. १० मेगाहर्ट्झला त्याचा रिॲक्टन्स (सिग्नलला होणारा अडथळा) सुमारे १६ किलोओहम, म्हणजे ५० ओहमच्या सिस्टीममधे सिग्नल ४४ डीबीच्या आसपास खाली जातो, जवळजवळ गायबच. तीच फट १ गिगाहर्ट्झला जेमतेम १६० ओहम, तिथे फक्त साडेपाच डीबी पडतात. त्यामुळे खाली सिग्नल मरतोय आणि वर नुसता लंगडतोय असं दिसलं तर मधला कंडक्टर सुटतोय हे जवळपास नक्की. उलट खाली सगळं ठणठणीत आणि वर गेल्यावरच नाटकं सुरू होत असतील तर संशय बाहेरच्या कंडक्टरवर घ्यायचा.

आणि तिसरी खूण, जी मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटते: हात लावायचाच नाही, नुसता जवळ न्यायचा. कनेक्टरपासून किंवा केबलपासून दोन-चार सेंटीमीटरवर हात धरा, स्पर्श न करता. रीडिंग हललं तर बाहेरचा कंडक्टर गळतोय, करंट केबलच्या जाळीच्या आतून जायच्या ऐवजी बाहेरच्या पृष्ठभागावर आलाय आणि तुमचा हात त्याच्या फील्डमधे शिरतोय. स्पर्श केल्यावर, जरा ढकलल्यावरच हललं तर दोष यांत्रिक आहे, कुठेतरी काहीतरी सैल आहे. अर्थात दोन्ही एकदम असू शकतं, जुन्या वस्तूंमधे एकच रोग कधीच नसतो.

आता ओहममीटरबद्दल, कारण इथे फसगत फार होते. कनेक्टरच्या शेलपासून (बाहेरच्या धातूच्या अंगापासून) पॅनलपर्यंत मीटर लावला, ०.१ ओहम दाखवला, म्हणून ग्राउंड चांगला असं धरून पुढे जायचं नाही. एक तर साध्या मीटरच्या वायरींचाच तेवढा रेझिस्टन्स असतो. दुसरं म्हणजे दोन उपकरणं एकमेकांना जोडलेली असताना मोजत असाल तर मीटरला मेन्सच्या अर्थ वायरमधून फिरून जाणारा रस्ता सापडतो, कनेक्टरचा ग्राउंड पार तुटलेला असला तरी मीटर म्हणतो सगळं ठीक. मेन्सच्या वायरमधून मीटरचा डीसी जातो, आरएफ (उच्च फ्रिक्वेन्सीचा सिग्नल) जात नाही, आरएफला तो मीटरभर लांबीचा वळसा म्हणजे भिंतच. म्हणून प्लग काढा, केबल सोडवा, एकटं उपकरण टेबलावर घ्या आणि मग मोजा.

मोजायचं नीट तर असं: बेंच पॉवर सप्लायवर करंट लिमिट १ ॲम्पियर ठेवा, एक वायर कनेक्टरच्या शेलला आणि दुसरी चेसिसला क्लिप करा, आणि मल्टिमीटर मिलिव्होल्ट रेंजवर घेऊन त्याची टोकं वेगळी, थेट शेलवर आणि पॅनलच्या उघड्या धातूवर टेकवा. १ ॲम्पियरला १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिओहम, हिशोब सोपा. चांगल्या बसलेल्या कनेक्टरला काही मोजके मिलिव्होल्ट दिसतात आणि कनेक्टर हलवला तरी आकडा जागचा हलत नाही. आकडा किती यापेक्षा तो हलतो का, हे जास्त महत्त्वाचं. हा करंट फक्त शेल आणि चेसिसमधे सोडायचा किंवा सुट्या केबलमधे सोडायचा, मधल्या पिनमधून उपकरणाच्या आत अजिबात नाही, आत मिक्सरचे डायोड असतील, ॲटेन्युएटरचे (सिग्नल कमी करणाऱ्या भागाचे) रेझिस्टर असतील, पॉवर सेन्सर असेल तर त्याचं एलिमेंट असेल, एका क्षणात जातील आणि मग कनेक्टरचा प्रॉब्लेम परवडला म्हणायची वेळ येईल.

आता पॅनल. जुन्या उपकरणांवर कनेक्टर दोन प्रकारे बसवलेले असतात, एक म्हणजे चौकोनी फ्लँज आणि चार स्क्रू, दुसरा म्हणजे मागून किंवा पुढून एकच मोठा नट. चार स्क्रूवाला सहसा त्रास देत नाही, स्क्रू सैल झाले असतील तर घट्ट करा आणि पुढे चला. एकच नटवाला मात्र या सगळ्या भानगडीचं मूळ असतो. वर्षानुवर्षं केबल लावून काढून तो नट किंचित सैल होतो. पॅनलचं भोक डी आकाराचं असेल तर कनेक्टर फिरत नाही, नुसता डुगडुगतो. भोक गोल असेल तर केबलचा नट सोडवताना अख्खा कनेक्टरच थोडासा फिरतो, लावताना परत उलटा फिरतो, आणि पॅनलच्या मागे जी वायर किंवा सेमी-रिजिड नळी (ताठ, धातूच्या आवरणाची कोॲक्स केबल) सोल्डर केलेली आहे तिला प्रत्येक वेळी पीळ बसतो. वायर तुटत नाही, सोल्डरला तडा जातो, आणि तो तडा इतका बारीक असतो की वरून बघितलं तर जोड चकचकीत दिसतो. भिंग आणि तिरपा उजेड घ्या, पिनच्या मागच्या टोकाभोवती सोल्डरमधे एक गोल काळसर रेघ दिसते का बघा. कनेक्टर समोरून अगदी हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवून बघितला तर त्या रेघेच्या दोन कडा एकमेकींवर सरकताना दिसतात. हे एकदा दिसलं की बाकी काही शोधायची गरज नाही.

दुरुस्ती करताना क्रम मात्र बरोबर ठेवा: आधी जोड गरम करून मोकळा करायचा, मग नट घट्ट करायचा, मग नवीन सोल्डर. नट आधी घट्ट केलात तर जोडावर ताण तसाच अडकून राहतो आणि तडा परत येतो. नट घट्ट करताना कनेक्टरच्या अंगावर सपाट कडा असतील तिथे पान्हा लावून तो धरून ठेवायचा आणि नटच फिरवायचा. दातेरी वॉशर कुठल्या बाजूला होता ते काढायच्या आधी फोटो काढून ठेवा, कारण तो वॉशर नुसता नट सैल होऊ नये म्हणून नसतो, तो पॅनलच्या धातूत दात रुतवून ग्राउंडसुद्धा देतो. आणि मधेच कोणीतरी पॅनल रंगवलेलं असेल तर वॉशरखाली रंगाचा थर असतो, वरून काहीच कळत नाही. वॉशरच्या कडेपुरता रंग खरवडून काढा, त्याहून जास्त नको.

पॅनलमागची बाजू ठीक निघाली तर मग कनेक्टरचा तोंडाकडचा भाग. इथे कुठला कनेक्टर आहे त्यावर सगळं अवलंबून आहे.

जनरल रेडिओ या कंपनीचा ८७४ ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो, कारण हा कनेक्टर दिसायला विचित्र आणि त्याबद्दल गैरसमजही खूप. १९४८ ला आलेला. यात मेल-फीमेल असा भेदच नाही, कुठलेही दोन ८७४ घ्या, एक ९० अंशात फिरवा आणि एकमेकांत ढकला. टेक्ट्रॉनिक्सच्या १एस१ सारख्या सॅम्पलिंग प्लग-इनच्या इनपुटला हाच आहे, त्यांच्या त्या काळातल्या पल्स जनरेटरवर आहे, आणि जनरल रेडिओच्या स्वतःच्या स्लॉटेड लाइन, ऑसिलेटर वगैरेवर तर आहेच. आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही कंडक्टरला खाचा पाडून प्रत्येकी चार पाकळ्या केलेल्या असतात, समोरासमोरच्या दोन पाकळ्या एका पातळीवर, उरलेल्या दोन थोड्या सरकवलेल्या, त्यामुळे जोडीदार कनेक्टरच्या पाकळ्या याच्यावर चढतात आणि स्प्रिंगच्या दाबाने संपर्क होतो. म्हणजे सगळा खेळ त्या पाकळ्यांच्या ताणावर.

बिघडतो कसा? एखादी पाकळी वाकते, कारण कोणीतरी ९० अंश न फिरवता पाकळीवर पाकळी दाबलेली असते. किंवा सगळ्याच पाकळ्या हळूहळू सैल पडतात, कारण साध्या ८७४ ला लॉक नाही, तो फक्त स्प्रिंगच्या पकडीवर लटकून असतो, आणि त्याला कोणीतरी एक लांब अडॅप्टर, त्यावर ॲटेन्युएटर, त्यावर जाड केबल अशी माळ लावून ठेवलेली असते. नाकापेक्षा मोती जड. खालच्या बाजूच्या पाकळ्या दबतात, वरच्या उघडतात, आणि केबलला थोडा धक्का लागला की संपर्क बदलतो. लॉकवाला ८७४ वेगळा, त्याला बाहेरून आटे असलेला कपलिंग नट असतो, तो दोघांकडे असेल तर हा त्रास जवळपास नाही आणि गळतीही बरीच कमी. जनरल रेडिओच्या अडॅप्टरवर ८७४-क्यू असं लिहिलेलं असतं आणि शेवटी एल असेल तर तो लॉकवाला, विकत घेताना हे एक अक्षर बघून घ्या. पण लॉकवाला आणि बिनलॉकवाला जोडले तरी ते एकमेकांत जातात, लॉक मात्र लागत नाही हे लक्षात ठेवा.

८७४ तपासायचा तर अगदी समोरून, डोळा त्याच्या अक्षावर ठेवून बघा. आतल्या चार पाकळ्यांचा क्रॉस बरोबर मध्यावर हवा. तो एका बाजूला झुकला असेल तर पाकळीचा दोष नाही, आतला इन्सुलेटरचा आधार सैल झालाय किंवा त्याला चीर गेली आहे. पाकळीच्या मुळाशी, जिथे खाच संपते तिथे, तडा आहे का बघा, तडा असेल तर ती पाकळी गेली, वाकवून उपयोग नाही. तडा नसेल आणि नुसती सैल असेल तर लाकडी काडीने किंवा प्लॅस्टिकच्या टोकदार दांडीने टोकाकडून अगदी किंचित ताण द्यायचा, समोरासमोरच्या दोघींना सारखा, आणि प्रत्येक वेळी एका चांगल्या ८७४ मधे घालून पकड बघायची. पक्कड लावायची नाही. पक्कडीने चांदीच्या मुलाम्यावर ओरखडे पडतात आणि पाकळी मधेच मोडल्यासारखी वाकते, गोलाई जाते, मग ती कधीच नीट बसत नाही.

आणि सॅम्पलिंग इनपुटवर हे सगळं करण्याआधी एक काळजी: केबल स्वतः चार्ज धरून ठेवते. दुसरं टोक उघडं असलेली केबल थेट सॅम्पलरला लावली तर साठलेला चार्ज आतल्या डायोडवर रिकामा होतो. लावायच्या आधी केबलची पिन आणि शेल एकदा शॉर्ट करा, दरवेळी करा.

एन टाइपकडे वळू. एनमधे आटे असल्यामुळे लोकांना वाटतं की घट्ट केलं म्हणजे झालं. पण इथे दोन गोष्टी मरतात. एक, फीमेलच्या मधल्या संपर्काची बोटं फाकतात. याचं मोठं कारण म्हणजे ७५ ओहमचा एन. ५० ओहमच्या एनची मेल पिन साधारण १.६५ मिलिमीटर जाड, ७५ ओहमची ०.९ च्या आसपास. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, आटेही सारखेच, त्यामुळे ५० ची पिन ७५ च्या फीमेलमधे घुसवली की ती फीमेल कायमची फाकते. उलट केलं, ७५ ची पिन ५० च्या फीमेलमधे, तर काही तुटत नाही पण पिन आत नुसती लोंबकळते, कधी टेकते कधी नाही, आणि तुमचं रीडिंग उड्या मारतं. केबल टीव्हीच्या कामासाठी वापरलेली ७५ ओहमची जुनी उपकरणं घेतली असतील तर आधी हेच तपासा. शेजारी शेजारी धरून पिनची जाडी बघितली तर डोळ्याला लगेच कळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पिनची खोली. चांगल्या एन मेलमधे मधल्या पिनचा खांदा बाहेरच्या मेटिंग प्लेनपासून (दोन कनेक्टर जिथे टेकतात त्या पातळीपासून) कमीत कमी ५.२८ मिलिमीटर मागे असतो आणि फीमेलचा संपर्क जास्तीत जास्त ५.२६ मिलिमीटर पुढे येतो, म्हणजे दोघांमधे केसाएवढी फट राहते. पिन पुढे आलेली असेल तर दोन संपर्क एकमेकांवर आदळतात, फीमेलची बोटं चेपतात आणि तुम्ही जितकं घट्ट कराल तितकं नुकसान वाढतं. पिन फार मागे गेली असेल तर संपर्कच अर्धवट. जुन्या क्लँपवाल्या एन कनेक्टरमधे पिन कॅप्टिव्ह (आतच पक्की अडकवलेली) नसते, ती फक्त केबलच्या मधल्या तारेवर सोल्डर केलेली असते आणि केबल मागच्या नटने दाबून धरलेली असते. तो मागचा नट सैल झाला, केबल ओढली गेली, की पिन केबलबरोबर मागे सरकते. याची खूण सोपी आहे, पॅनलकडचा भाग एका हाताने पक्का धरा आणि केबल कनेक्टरच्या मागे फक्त पुढे-मागे ढकला-ओढा, वाकवू नका. रीडिंग याच हालचालीला हलत असेल तर पिन सरकतेय. नेमका गेज नसेल तर व्हर्नियर कॅलिपरच्या मागच्या खोलीच्या पट्टीने चांगल्या कनेक्टरशी तुलना करा, सूक्ष्म मोजमाप होणार नाही पण अर्ध्या मिलिमीटरची चूक लगेच पकडली जाते. घट्ट करायचं प्रमाण विचाराल तर एनला १.३६ न्यूटन-मीटर, एपीसी-७ लाही (हा कनेक्टर पुढे येतोच) तेवढंच. टॉर्कचा पान्हा नसेल तर बोटांनी पूर्ण घट्ट आणि वर अगदी थोडं. मोठा पान्हा घेऊन जोर लावणाऱ्यांनीच अर्धे कनेक्टर मारलेत.

पीएल-२५९ (प्लग) आणि एसओ-२३९ (सॉकेट) ची जोडी बऱ्याच जुन्या जनरेटरवर आणि मीटरवर असते. तिचा इम्पिडन्स मुळातच स्थिर नाही, त्यामुळे १०० मेगाहर्ट्झच्या वर ती लावून अचूक लेव्हल मोजायची अपेक्षाच ठेवू नका. हलल्यावर रीडिंग बदलतं याचं तिथलं नेहमीचं कारण म्हणजे जाळीचं सोल्डर. प्लगच्या अंगावर चार भोकं असतात, त्यातून जाळी सोल्डर करायची असते, पण मुलामा क्रोम-निकेलसारखा असला तर सोल्डर त्यावर चिकटत नाही, भोकात नुसता गोळा भरून बसतो. बाहेरून वाटतं मस्त भरलंय. केबल मागे ओढून किंचित पिळा, प्लगच्या आत जाळी फिरताना जाणवेल. हे दुरुस्त होत नाही, टोक कापा आणि चांदीच्या मुलाम्याचा प्लग घेऊन नव्याने करा. आणि हो, याचे आणि एनचे आटे एकच, ५/८ इंच २४. म्हणून पीएल-२५९ चा नट एन फीमेलवर पकडतो आणि लोकांना वाटतं की जोर लावला तर बसेल. त्याची ४ मिलिमीटरची पिन एनच्या नाजूक संपर्काचं काय करेल ते सांगायला नको.

बीएनसी थोडक्यात. तो थोडा डुगडुगणारच, बायोनेटची (दाबून फिरवून अडकवायची) रचनाच तशी आहे. हलवल्यावर रीडिंग दशांश डीबीने हललं तर चालवून घ्या, त्याहून जास्त हललं तर बाहेरच्या कंडक्टरच्या आतल्या स्प्रिंग पाकळ्या दबल्या आहेत किंवा फीमेलवरच्या दोन खुंट्या झिजल्या आहेत. प्लग स्वस्त असतो, बदला. फक्त हाय व्होल्टेज उपकरणांवर बीएनसीसारखाच दिसणारा एमएचव्ही असतो, जोर लावला तर दोघं एकमेकांत जातात, संपर्कही बिघडतो आणि हजारो व्होल्ट नको तिथे येऊ शकतात. इन्सुलेटर नेहमीपेक्षा पुढे आलेला दिसला तर थांबा.

एपीसी-७ मधेही मेल-फीमेल नाही, १८ गिगाहर्ट्झपर्यंत चालतो, आणि त्याचा दोष जवळपास नेहमी एकाच ठिकाणी: मधला छोटा कॉलेट (खाचा पाडलेला स्प्रिंगचा संपर्क). प्लॅस्टिकच्या टोकाने तो हलकेच आत दाबा, सोडल्यावर पूर्ण वर यायला हवा. अर्धवट वर येत असेल किंवा एक बोट खाली राहत असेल तर कॉलेट बदला, तो बदलता यावा म्हणूनच केलेला आहे. जोडताना एका बाजूचा आटेवाला स्लीव्ह पूर्ण पुढे, दुसऱ्या बाजूचा पूर्ण मागे, आणि फिरवायचा फक्त नट. कनेक्टरचं अंग फिरवलं तर दोन्ही सपाट तोंडं एकमेकांवर घासतात आणि मग कितीही कॉलेट बदला. ठेवून देताना मात्र स्लीव्ह पुढे काढूनच ठेवायचा म्हणजे मेटिंग प्लेन झाकलेलं राहतं.

साफसफाईबद्दल वाद चालतात म्हणून माझं म्हणणं लिहितो. चांदी काळी पडली म्हणजे कनेक्टर मेला असं नाही. तो थर सिल्व्हर सल्फाइडचा, बहुतेक वेळा पातळ, आणि दाबाच्या संपर्कात तो फुटतो. काळा पण ताठ कनेक्टर मी चकचकीत पण सैल कनेक्टरपेक्षा केव्हाही घेईन. १ गिगाहर्ट्झला करंट चांदीच्या वरच्या साधारण २ मायक्रॉनमधूनच चाललेला असतो, आणि तोच थर तुम्ही पॉलिश पेपरने किंवा भांडी घासायच्या पेस्टने काढून टाकता. आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड, लाकडी काडी, बस. काडीला कापड गुंडाळून ओलसर करायचं, अल्कोहोल कनेक्टरमधे ओतायचं नाही. थिनर आणि ॲसिटोन तर दूरच, जुन्या कनेक्टरमधे आधार पॉलिस्टायरीनचे असू शकतात आणि ॲसिटोनमधे ते अक्षरशः विरघळतात. चांदी उजळायचं आम्लाचं द्रावण खाचांमधे राहून नंतर गंज धरतं. आणि स्प्रिंगच्या पाकळ्या बेरिलियम कॉपरच्या असतात, त्या घासून उडणारी पूड फुप्फुसाला घातक आहे, कानस चालवायचा विचारही नको.

इतकं करूनही हलतंच असेल तर शक्यता आहे की कनेक्टर चांगला आहे आणि तुम्ही मिसमॅच, म्हणजे इम्पिडन्स न जुळल्यामुळे परत फिरणारा सिग्नल, बघताय. जनरेटर आणि लोड दोन्हीकडे व्हीएसडब्ल्यूआर (न जुळण्याचं माप, १ म्हणजे अचूक जुळणी) १.५ असेल तर केबलची लांबी किंवा वाकण किंचित बदललं तरी लेव्हल साधारण अधिक-उणे ०.३५ डीबी फिरू शकते, एकही संपर्क सैल नसताना. हे वेगळं काढायची युक्ती म्हणजे केबलच्या दोन्ही टोकांना १० डीबीचे चांगले पॅड (छोटे ॲटेन्युएटर) लावा. पॅड परत येणारं रिफ्लेक्शन दोनदा खातो, म्हणून मिसमॅच असेल तर हालचाल जवळजवळ थांबते. पॅड लावूनही तितकंच हलत असेल तर संपर्कच सुटतोय. स्वीप करायची (फ्रिक्वेन्सी सलग बदलत बघायची) सोय असेल तर आणखी एक गंमत: दोन रिफ्लेक्शनमधल्या अंतरावर ट्रेसमधल्या लाटांचं अंतर ठरतं. साध्या पॉलिथिलीनच्या १ मीटर केबलला लाटा साधारण दर १०० मेगाहर्ट्झला येतात, अर्ध्या मीटरला दर २०० ला. लाटा दर ४०० मेगाहर्ट्झला येत असतील तर दोन दोषी जागा जेमतेम पाव मीटर अंतरावर आहेत, म्हणजे लांब केबलला शिव्या देऊ नका, मधल्या अडॅप्टरच्या माळेकडे बघा.

जनरेटरच्या बाबतीत अजून एक संशयित असतो, आतला स्टेप ॲटेन्युएटर. त्याचे संपर्क घाण झाले की लक्षणं हुबेहूब कनेक्टरसारखीच, कारण पॅनलला धक्का लागला की तोही हलतो. केबलला हात न लावता ॲटेन्युएटरचा नॉब एक पायरी पुढे-मागे करा, लेव्हल दरवेळी वेगळ्या जागी परत आली तर दोष तिथे आहे.

कनेक्टर खरंच गेलेला असेल तर काय? पॅनल ड्रिल करून तिथे सरळ एसएमए किंवा नवा एन बसवणारे लोक आहेत. चालतं, पण मला पटत नाही, एकदा भोक मोठं केलं की मूळ कनेक्टर परत बसत नाही आणि आतल्या लाइनचा इम्पिडन्सही मूळच्या कनेक्टरला धरून बनवलेला असतो. त्यापेक्षा मूळ प्रकारचाच सुटा कनेक्टर भंगार उपकरणातून काढा, आणि त्यावर चांगला, लॉकवाला, छोटा अडॅप्टर कायमचा लावून टाका. रोजची काढ-घाल अडॅप्टरवर होईल, झिजला तर तो बदलायचा. अडॅप्टरला पुढे जड काही लटकवायचं असेल तर खालून आधार द्या, लाकडाचा ठोकळाही चालतो.

दुरुस्ती झाल्यावर लगेच झाकण लावू नका. त्याच फ्रिक्वेन्सीला, त्याच लेव्हलला कनेक्टर पाच-सहा वेळा पूर्ण सोडवून परत लावा आणि दरवेळचं रीडिंग लिहा. एनमधे ते दशांश डीबीच्या आत परत यायला हवं, एपीसी-७ मधे त्याहून बरंच जवळ, बीएनसी आणि बिनलॉकच्या ८७४ मधे थोडं जास्त फिरलं तरी चालेल. मग एकदा खालच्या फ्रिक्वेन्सीला, १० मेगाहर्ट्झच्या आसपास, केबल हलवून बघा. आणि शेवटी मेन्सचा प्लग काढून शेल ते चेसिस मिलिव्होल्टवाली चाचणी परत एकदा, कारण नट घट्ट करताना वॉशर तिरका बसला असेल तर तो इथेच पकडला जातो.